मोलगीच्या घाटासाठी जुनी फोर बाय फोर कशी निवडायची

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला जायचं तर देवगोई घाट. गेली सतरा वर्षं मी या दोन्ही घाटांनी आमचूर आणि भगर खरेदीला जाते. डांबर मोठ्या गावापर्यंत पोचलंय, पण पाड्यावर जायचा शेवटचा तीन-चार किलोमीटरचा तुकडा मुरूम, धोंडे आणि नाला असाच आहे. एप्रिल-मेमध्ये आमचूर, दिवाळीच्या आगेमागे भगर. या कामासाठी आजवर तीन गाड्या घेतल्या, तिन्ही जुन्या. भाचे, दीर, ओळखीचे व्यापारी यांच्यासाठी बारा-पंधरा तरी तपासून दिल्या. कुणी विचारलं की तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी माझ्या दुसऱ्या गाडीचं सांगते, कारण माझी सगळी पद्धत तिथून सुरू झाली. मोठी डिझेल एसयूव्ही होती, सात सीटची, ताकद भरपूर. पुण्याहून आणली. आठ महिने तक्रार नाही. मग ऐन मे महिन्यात, मोलगीच्या वर एका पाड्यावर, सकाळी सेल्फ मारला तर चालूच होईना. शहाद्याहून मिस्त्री आला. त्याने अर्ध्या तासात दोष शोधला: डिझेलचा दाब मोजणारा अंगठ्याएवढा सेन्सर गेला होता. पण तो नंदुरबारला नव्हता, धुळ्याला नव्हता, सुरतेलाही मिळाला नाही. मुंबईहून मागवला. गाडी अकरा दिवस आंब्याखाली उभी राहिली आणि माझा नऊ क्विंटल आमचूर ओसरीत पडून राहिला. मधेच अवकाळी पाऊस आला, दोन क्विंटल काळा पडला. पाड्यावरच्या बायकांनी महिनाभर कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून तो केला होता. पैसे मी दिले, पण माल गेला तो गेलाच.

तेव्हापासून भरवशाचा अर्थ मी असा लावते: गाडी किती कमी वेळा बंद पडते हे अर्धं गणित, आणि पडली तर किती तासांत परत चालते हे उरलेलं अर्धं. दुसरं अर्धं गाडीपेक्षा तुमच्या मुक्कामावर जास्त अवलंबून असतं. पुण्यात जी गाडी उत्तम, ती धडगावात उत्तम असेलच असं नाही.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी दोन फेऱ्या मारा. पहिली फेरी तुमच्या जवळच्या तीन मिस्त्रींकडे. "कुठली गाडी चांगली?" असं विचारू नका, प्रत्येकाची एक लाडकी असते. "गेल्या महिन्यात कुठल्या कुठल्या गाड्या खोलल्या?" असं विचारा. ज्या गाडीचं नाव तिघांच्याही तोंडी येतं, ती त्यांच्या हाताखालची. दुसरी फेरी स्पेअर पार्टच्या दुकानांत. वहीत चार वस्तू लिहून न्या: क्लच प्लेट, वॉटर पंप, पुढच्या चाकाचं बेअरिंग, डिझेल फिल्टर. मनातल्या प्रत्येक गाडीसाठी या चार वस्तू आत्ता फळीवर आहेत का, आणि नसतील तर कधी येतील, एवढंच विचारा. मी शहादा आणि नंदुरबारला हे करते, जळगावकडच्या माणसाने चोपडा-यावलला करावं. या वहीतून जे कळतं ते कुठल्याही जाहिरातीतून कळत नाही.

आता गाड्यांबद्दल. मी वापरलेल्या किंवा नीट तपासलेल्या तेवढ्याच सांगते.

बोलेरोपासून सुरुवात करावी लागते, कारण खानदेशात तिच्याइतके पार्ट कुणाचेच मिळत नाहीत. २००० सालापासून आहे, बांधणी साधी, चॅसिस वेगळी, मागे पाटे. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालतात. पावसाळ्यात पाड्यावर जायचं नसेल, मुरमाचा रस्ता आणि शेत एवढंच असेल, तर फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा, हट्ट सोडून चांगली बोलेरो घ्या, खूप पैसे वाचतील. घेताना मागचे पाटे बघा. एखादं पान जास्तीचं घातलेलं दिसलं किंवा पाटे सपाट होऊन उलटे वाकले असतील, तर ती गाडी प्रवासी वाहतुकीला जुंपलेली होती, मालक काहीही सांगो.

जिप्सी ही माझी पहिली गाडी. १९८५च्या शेवटी आली, पुढे १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं, २०१९ मध्ये तिचं बुकिंग बंद झालं. वजनाला टनभर, त्यामुळे जिथे जड गाडी रुतते तिथून ही वरच्यावर निघते. नाल्यातल्या वाळूत मी तिच्याइतकी बिनधास्त दुसऱ्या कुठल्याही गाडीत नव्हते. पण पाठीला दणके बसतात, पेट्रोल पिते, एअरबॅग नाहीत, आणि चार क्विंटलच्या वर माल भरला की जीव टाकते. शिवाय आता मिळणाऱ्या बऱ्याच जिप्सींची १५ वर्षांची नोंदणी संपत आलेली किंवा संपलेली असते. नूतनीकरणाला गाडी आरटीओत तपासून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तो खर्च किमतीत धरा. पुढच्या चाकांच्या मागे जो गोल गोळा असतो, त्याच्या सीलमधून ग्रीस आणि तेल ओघळलंय का बघा. ओघळ दिसला तर बेअरिंगपर्यंत माती पोचली असं समजून भाव करा.

जुनी थार, म्हणजे २०१० ते २०२० मधली, आज माझ्याकडे आहे. घेताना सीआरडीई इंजिनाचीच घ्या, १०५ अश्वशक्तीचं. त्याच काळात डीआय नावाची कमी ताकदीची थारही विकली जायची, दिसायला बहिणी-बहिणी, घाटात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मागचे पाटे मालाला बरे पडतात. हिलाही एअरबॅग नाहीत, हे कुटुंबासाठी घेणाऱ्याने विसरू नये. या थारची खरी अडचण तिचे मालक. छत बदल, मोठी चाकं घाल, दहा दिवे लाव, बंपर कापून लोखंडी बसव. मूळ आकाराच्या टायरची, न छेडलेली थार मिळेपर्यंत मी सात महिने थांबले. मोठी चाकं घातली की बेअरिंग, स्टिअरिंगचे जोड, क्लच सगळ्यांवर ताण येतो, आणि आरसी बुकात नोंद नसेल तर पासिंगलाही अडते.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेली नवी थार म्हणजे वेगळीच गाडी. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले, घरच्यांना घेऊन बसायला मन धजावतं. पण २०२३ पासून तिचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा प्रकारही विकला गेला, म्हणून खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आहे का, हे डोळ्यांनी बघा. आणि डिझेल बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाचं, असेल तर सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरचा विचार करा. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटं मोठ्या रस्त्यावर पळवावी लागते. रोज चार किलोमीटर शेतात जाऊन परत येणाऱ्याला ती त्रास देईल. तळोदा-शहादा-शिरपूर असं ज्याचं जाणं-येणं आहे, त्याला नाही देणार.

गुरखा माझ्या मते आपल्या भागात कमी लेखली जाते. पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर) लॉक होतात, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी बाकीची चाकं गाडी ओढतात. दिसायला अनोळखी वाटते, पण सातपुड्यात काळी-पिवळी म्हणून धावणाऱ्या क्रूझर-तूफानच्याच कारखान्यातली, आणि २.६ लिटरचं इंजिनही त्याच घराण्यातलं. ते खोलणारे हात प्रत्येक स्टँडजवळ आहेत. माझ्या वहीत तिच्या इंजिनाचे पार्ट सहज मिळाले, बॉडीचे मात्र मागवावे लागतात. काच फुटली, दार चेपलं, तर थांबायची तयारी हवी.

जिम्नी जून २०२३ मध्ये आली, म्हणून जुन्या बाजारात बहुतेक कमी चाललेल्याच दिसतात. पुढे-मागे अखंड ॲक्सल, लो गिअर, सहा एअरबॅग, आणि मारुतीच्या इतर गाड्यांत असलेलं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन. दोन-तीन माणसं आणि थोडं सामान यासाठी मला ती फार आवडली. माल भरायला नाही. मागच्या सीट पाडून मी मापून बघितलं, माझी पोती बसत नाहीत.

स्कॉर्पिओ आणि सफारी स्टॉर्म यांचं एकत्र सांगते, कारण फसवणूक एकाच प्रकारची होते. दोन्हींत फोर बाय फोर मिळायची, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तशा नाहीत. मागे "४×४" चिकटवायला काही लागत नाही. आत बटण किंवा गोल खटका आहे का, खाली पुढचा शाफ्ट आहे का, एवढं बघितलं की खरं कळतं. स्कॉर्पिओचं २.२ एमहॉक इंजिन आपल्याकडच्या मिस्त्रींना पाठ आहे. स्टॉर्म २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे किंमत उतरलेली असते आणि आतून जागा प्रशस्त. नीट सांभाळलेली मिळाली तर पैसे वसूल, पण पार्टची फेरी आधी मारा.

फॉर्च्युनर आणि एन्डेव्हर माझ्या कामाच्या नाहीत. पाड्याच्या वाटेला त्यांची रुंदी झेपत नाही. फॉर्च्युनरची किंमत टिकते हे खरं, आणि म्हणूनच मीटर मागे फिरवण्याचा मोहही तिथे जास्त. २००९ ते २०१६ मधल्या तीन लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून एन्डेव्हर तिच्या योग्यतेपेक्षा स्वस्त मिळते. मोठ्या शहरात राहणाऱ्याला तो सौदा चांगला, आमच्यासारख्यांना अकरा दिवसांच्या आंब्याची आठवण करून देणारा.

मॉडेल ठरलं तरी काम निम्मंच झालं. माझा मिस्त्री अहिराणीत म्हणतो, "ताई, गाडी नका देखू, गाडीना मालक देखा." दहा वर्षांच्या दोन सारख्याच थार, एक डॉक्टरची आणि एक रेती ओढणाऱ्याची, यांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांपेक्षा जास्त फरक असतो. म्हणून मी मालकाच्या घरीच जाते, चौकात गाडी आणून दाखवतो म्हणाला तर नको म्हणते. घरी अंगणात तेलाचे डाग दिसतात, घरातली माणसं बोलता बोलता खरं सांगून जातात.

सकाळी लवकर जा आणि आधीच फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. थंड इंजिनच खरं बोलतं. चालू होताना क्षणभर काळा धूर चालतो. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल तर कूलंट आत जातंय, तिथून नमस्कार करून निघा. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, वाफेने उडू लागलं तर पिस्टनच्या रिंग गेल्यात.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. आपल्याकडे हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बाहेरून आलेले लोक नेमकं हेच बघत नाहीत. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बऱ्याच मालकांनी वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं असतं. त्या पाण्याच्या क्षाराने रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. चांदसैलीच्या चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दुपारी दोन वाजता तापमानाचा काटा वर सरकतो. पाणी गंजासारखं तांबडं किंवा झाकणाखाली पांढरी खरपुडी दिसली तर रेडिएटर, वॉटर पंप आणि पाइप यांचा खर्च किमतीतून वजा करा. आणि चाचणीची फेरी एसी लावून, चढावर, उन्हात घ्या. सकाळी आठला गारव्यात गाडी चालवून परतू नका.

मग खाली शिरा. सतरंजी आणि टॉर्च सोबत ठेवा. चॅसिसवर नवा काळा रंग मारलेला असेल तर तो कशावर मारलाय ते नखाने खरवडून बघा. खानदेशची हवा कोरडी, इथली गाडी सहसा गंजत नाही, पण कोकण किनाऱ्यावरून आलेली गंजलेली असते. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले, तिकडची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. दोन्ही डिफरन्शियलचे बूच मिस्त्रीकडून सैल करवून बोटाला तेल लावून घ्या. दुधाळ दिसलं तर गाडी पाण्यातून नेली आणि नंतर तेल बदललं नाही. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी चार तरी एवढ्या एका थेंबावरून नाकारल्या.

फोर बाय फोरची परीक्षा कोरड्या डांबरावर कधीही घेऊ नका. पुढची-मागची चाकं तिथे बांधल्यासारखी होतात, वळताना शाफ्ट आणि गिअरवर जोर येतो. नांगरलेलं रान किंवा नाल्याची वाळू शोधा. जिप्सीला मॅन्युअल हब (पुढची चाकं हाताने जोडायचे खटके) असतील तर उतरून दोन्ही पुढच्या चाकांचे हब फिरवायला विसरू नका. फोर हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचा वेग) सरळ न्या, सोबतच्या माणसाला बाहेर उभं करा आणि पुढची चाकंही माती मागे फेकतात का बघायला सांगा. मग थांबून फोर लो (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) टाका. पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गाडी मुंगीच्या पावलाने चढली पाहिजे. लिव्हर निसटून बाहेर येत असेल, करकर आवाज येत असेल, तर ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, खोलावी लागेल. विकणारा म्हणेल की कधी वापरलंच नाही म्हणून जाम आहे. न वापरलेली फोर बाय फोर वापरलेलीपेक्षा चांगली असते असं नाही, तेल एका जागी बसून सील सुकतात.

टायरबद्दल थोडं. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं. पाचही बघा, आणि चारही चाकं एकाच मापाची, जवळपास सारखी झिजलेली हवीत. आपल्या काळ्या मातीत जुलै महिन्यात कुठलीच गाडी जादू करत नाही. कपाशीच्या रानात माती नक्षीत भरते आणि चाकाचा गुळगुळीत पिंप होतो. तिथे रुंद टायरपेक्षा अरुंद आणि खोल नक्षीचं बरं, कारण ते चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातं.

पैशाचं गणित मी असं मांडते. माझी थार ५ लाख ६० हजारांना घेतली. पहिल्या दोन महिन्यांत पाच टायर ३६ हजार, क्लचचा पूर्ण सेट मजुरीसह साडेसतरा हजार, सगळी तेलं आणि फिल्टर ११ हजार, शाफ्टचे जॉइंट क्रॉस आणि बेअरिंग साडेनऊ हजार, बॅटरी साडेसहा, रेडिएटर सफाई आणि पाइप ५ हजार. विमा आणि नावावर करणं साडेचौदा. बेरीज बरोबर एक लाख. म्हणजे गाडी मला ६ लाख ६० हजारांना पडली, आणि तुलना याच आकड्याची करायची असते. पाच लाखांत "स्वस्त" मिळालेल्या गाडीला दीड लाख लागणार असतील तर दोन्ही जवळपास सारख्याच. हातात सहा लाख असतील तर पाच लाखांची गाडी शोधा, उरलेला एक लाख तिच्यासाठी ठेवा. कर्ज काढून पूर्ण पैसे किमतीत घालणारे सहा महिन्यांत अर्ध्या दुरुस्त गाडीने फिरताना मी पाहिलेत.

कागद घाईत बघू नका. चॅसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. एमएच ३९, १८, १९ (नंदुरबार, धुळे, जळगाव) मधली गाडी मला बरी वाटते, कारण मालकाची माहिती काढता येते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या कमी भावात आपल्याकडे येतात. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ म्हणजे ना-हरकत, मग इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर. हा सगळा खर्च आरटीओत विचारून कागदावर लिहून घ्या आणि मगच बयाणा द्या. माझ्या एका दिराने आधी बयाणा दिला, टॅक्सचा आकडा नंतर कळला. स्वस्ताई तिथेच संपली.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल, सगळ्यांचं तेल बदला, कूलंट नवं भरा आणि वहीत तारीख-किलोमीटर लिहा. सीटखाली एक डबा ठेवा: फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, दोन पाइप आणि त्यांचे क्लिप, फ्यूज, ओढायचा पट्टा, पाच लिटर पाणी. पहिल्या महिन्यात पाड्यावर दिवसाउजेडी जा, आणि दुसरी गाडी सोबत असेल तेव्हाच. मी थार घेतल्यावर पहिली फेरी दिवाळीआधी केली, अस्तंब्याच्या यात्रेला निघालेली माणसं घाटात भेटत होती. वर पोचल्यावर बोनेट उघडलं, काटा मधोमध होता, खाली एक थेंब नव्हता. त्या दिवशी सहा पोती भगर खाली आणली.